रात्रीचे राग रात्रीच ऐकायला मिळावेत

पंचवीस-तीस वर्षांच्या, मनापासून गाणे ऐकणाऱ्या कुणाही तरुणाला विचारून पाहा. दरबारी कानडा मध्यरात्रीनंतर, गायकासमोर बसून कधी ऐकलायस का? मालकंस ऐन रात्री? ललित पहाटे चार-साडेचारला, बाहेर अजून काळोख असताना? रेकॉर्डिंग ऐकलेले असते. दरबारी संध्याकाळी साडेसातला ऐकलेला असतो. ललित ऐकलाच असेल तर दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात, दोन भावगीतांच्या मध्ये, वीस मिनिटांचा. पण ज्या प्रहराचा राग त्याच प्रहरी, कलाकारासमोर बसून ऐकण्याचा अनुभव महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीला जवळजवळ मिळालेलाच नाही. आधीच्या तीन-चार पिढ्यांना तो तिकीट काढले की मिळत होता.

असे का झाले, म्हटले की एकच उत्तर येते: रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम. आयोजक तेच सांगतात, कलाकार तेच सांगतात आणि श्रोतेही सुस्कारा टाकून तेच म्हणतात. मला हे उत्तर अपुरे वाटते. नियमाने उघडे मैदान बंद केले, हे खरे आहे. रात्र मात्र नियमाने बंद केलेली नव्हती. ती महापालिकांनी, नाट्यगृहांनी, आयोजकांनी आणि आपण श्रोत्यांनी मिळून सोडून दिली. ती परत मिळवता येते आणि मिळवायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

आधी नियमाविषयी. तो कुणाच्या लहरीतून आलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणाबाबत जो निकाल दिला, त्या याचिकेचे निमित्त भयंकर होते. १३ वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. ती मदतीसाठी ओरडत राहिली, पण शेजारी लावलेल्या कर्ण्याच्या गोंगाटात तिची हाक कुणालाच ऐकू गेली नाही. नंतर तिने स्वतःला पेटवून घेतले. शास्त्रीय संगीतासाठी नियम शिथिल करा, आमचे गाणे म्हणजे डीजे नव्हे, असे ज्यांना म्हणावेसे वाटते त्यांनी हा निकाल एकदा वाचावा. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि ती योग्यच आहे. आजारी माणसाला, तान्ह्या बाळाला, पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या कामगाराला झोप हवी असते. ती मोडणारा आवाज दरबारीचा आहे की लग्नाच्या वरातीचा, याने त्याला फरक पडत नाही. अभिजात कलेच्या नावाखाली शेजाऱ्याची झोप मागण्याचा अधिकार कुणालाच नाही.

पण हा नियम पुढे काय म्हणतो तेही वाचायला हवे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांतला पाचवा नियम रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई करतो, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर वाद्यांनाही. अपवाद तिथेच दिलेला आहे: बंदिस्त जागा. प्रेक्षागृहे, परिषदांची दालने, समाजमंदिरे. आतला आवाज आतल्या माणसांसाठी असेल आणि आतच राहत असेल, तर हा नियम आड येत नाही. शिवाय सण-उत्सवांसाठी वर्षातले १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. म्हणजे मांडवातल्या मैफलीला दहा वाजता थांबावे लागते, पण पक्क्या भिंतींच्या, दारे लावून घेता येणाऱ्या नाट्यगृहातल्या मैफलीला ध्वनिप्रदूषणाचा नियम थांबवत नाही. हे मी एखादी पळवाट शोधल्यासारखे सांगत नाही. आवाज आत राहिला तर कुणाची तक्रार असण्याचे कारण नाही, हेच नियमाचे तत्त्व आहे.

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची अडचण मात्र खरी होती. भीमसेन जोशी यांनी १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ तो सुरू केला. पुढे तो इतका वाढला, की हजारो श्रोत्यांना सामावणारे बंद सभागृह पुण्यात कुठून आणणार? मैदानाला पर्याय नव्हता. मग महोत्सव दुपारी सुरू होऊन दहाला संपू लागला, परवानगी मिळाली तर एखाद्या शनिवारी बाराला. त्यांनी जे शक्य होते ते केले. पण एवढ्या मोठ्या महोत्सवाने वेळ बदलली आणि राज्यातल्या लहानमोठ्या सगळ्या संगीत मंडळांनी ती प्रमाण मानली. ज्यांचे श्रोते दोनशे-तीनशे होते, ज्यांना एखादे छोटे सभागृह सहज पुरले असते, त्यांनीही रात्र सोडली. मोठ्यांची अडचण लहानांनी उगाच स्वतःची करून घेतली.

त्या जुन्या रात्री मी ऐकल्या आहेत. पुण्यातली डिसेंबरची थंडी, शाळेचे मैदान, खाली भारतीय बैठक, जवळ शाल आणि कानटोपी, पिशवीत थर्मास. अकरा वाजता मांडव नुसता गजबजलेला असे. एकनंतर गर्दी विरळ होई आणि खरी बैठक तेव्हा सुरू होई. ज्यांना सकाळी लवकर उठायचे ते निघून गेलेले असत. उरलेले पुढे सरकत. कुणी सतरंजीवरच आडवे झालेले असे आणि एखाद्या स्वराने जागे होऊन, काही न बोलता उठून बसे. गाणारेही वेगळे होत. रात्री नऊला टाळीसाठी तान घेणारा गायक अडीच वाजता तसे करत नाही, कारण समोर जी माणसे उरली आहेत ती गाणे ऐकायलाच उरली आहेत हे त्याला दिसत असते. तो षड्जावर थांबायला भीत नाही. दरबारीच्या गंधाराचे, म्हणजे ‘ग’ या स्वराचे, आंदोलन त्याला घाईने उरकावे लागत नाही. त्या गंधाराला कोमलही नीट म्हणता येत नाही. तो खाली ओथंबलेला असतो, आणि रिषभाच्या आधाराने सावकाश हलत राहिला तरच ऐकू येतो. रस्त्यावरची वाहने थांबलेली असतात, पानाच्या टपरीवरचा रेडिओ बंद झालेला असतो, त्या शांततेत हे हलणे कानाला सापडते. संध्याकाळी साडेसातला, मांडवाबाहेर रिक्षांचे हॉर्न चालू असताना, तोच गायक तोच गंधार तसाच लावतो. आपल्यापर्यंत तो अर्धाच पोहोचतो.

रागाच्या वेळेचा संकेत ही केवळ श्रद्धेची गोष्ट आहे, असे पुष्कळांना वाटते. पण ती तेवढीच नाही. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे व्यवसायाने वकील, वास्तव्य मुंबईत. देशभर फिरून त्यांनी उस्तादांच्या घराण्यांतल्या बंदिशी जमवल्या, राग त्यांच्या स्वरांवरून दहा थाटांत, म्हणजे दहा वर्गांत, बसवले आणि वेळेचे जे संकेत तोंडी चालत आले होते त्यांत एक रचना दाखवली. मध्यमाला, म्हणजे ‘म’ या स्वराला, ते अध्वदर्शक, म्हणजे वाट दाखवणारा स्वर म्हणत. त्याची रूपे दोन: शुद्ध, आणि त्याहून चढा तो तीव्र. संध्याकाळी यमनमध्ये तीव्र मध्यमाचे राज्य असते. रात्र चढते तसा बिहागात शुद्ध मध्यम पुढे येतो आणि तीव्र नुसता डोकावून जातो. मध्यरात्रीच्या दरबारीत आणि मालकंसात तीव्र मध्यम दिसेनासा होतो. मग रात्र सरता सरता ललितमध्ये दोन्ही मध्यम लागोपाठ येतात, पंचम नाहीसा झालेला असतो, आणि कान क्षणभर गोंधळतो की आपण रात्रीत आहोत की सकाळीत. पुढे भैरवात शुद्ध मध्यम एकटा उरतो, रिषभ-धैवत कोमल होतात आणि दिवस उजाडतो. भातखंड्यांच्या मांडणीला अपवाद आहेत, तिच्यावर आक्षेपही घेतले गेले आहेत. पण एका रात्रीत, एका जागी बसून, यमनपासून भैरवापर्यंतचा हा प्रवास ज्याने ऐकला आहे त्याला ही मांडणी पुस्तकात वाचावी लागत नाही. ललितमधले ते दोन मध्यम आधीच्या सात तासांचा संदर्भ घेऊन येतात. तो संदर्भ सुटा ललित ऐकताना मिळत नाही, मग गायक कितीही मोठा असो.

म्हणूनच ‘दरबारी आठ वाजता गायला तर काय बिघडले?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. काही बिघडत नाही. कर्नाटक संगीतात वेळेचे असे बंधन फारसे पाळले जात नाही आणि ते संगीत त्यामुळे तिळभरही उणे झालेले नाही. घरी बसून भर दुपारी मालकंसचे रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यालाही आनंद मिळतोच. माझा मुद्दा एकेका रागाच्या शुद्धाशुद्धतेचा नाही. हिंदुस्थानी संगीताने पूर्ण रात्रीचा एक आकार घडवला होता, आणि तो आकार आता कुणाच्या कानावर पडत नाही. पुस्तकाची पाने सुटी करून, हवी ती चार वाचायला दिली तर भाषा कळते, कथा कळत नाही. तसे आपल्या मैफलींचे झाले आहे.

दहाच्या मर्यादेने आणखी एक गोष्ट नेली, ती म्हणजे लांबी. दुपारी तीन-चारला सुरू होऊन दहाला संपणाऱ्या सत्रात चार-पाच कलाकार बसवायचे तर एकेकाला तास-सव्वा तास मिळतो. त्यात वाद्ये जुळवणे, सत्कार, निवेदन, प्रायोजकांचे आभार. विलंबित ख्याल उलगडायला लागतो न लागतो तोच मंचाच्या कडेला कुणीतरी घड्याळाकडे बोट दाखवते. तरुण गायकांनी याला तोंड देण्यासाठी स्वतःचे गाणे बदलले आहे. आलाप आखूड झाला, तान लवकर आली, शेवटी एक अभंग किंवा नाट्यपद ठरलेले. त्यांना दोष देता येत नाही. ज्या चौकटीत गायला मिळते त्या चौकटीतच गाणे घडते. पण दोन तास एकच राग मांडण्याची संधीच आयुष्यात आली नाही, तर ती ताकद कमवायची कधी आणि कुठे? गुरूच्या घरी शिकलेली बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, मंचावर वापरायला मिळाली नाही की दोन पिढ्यांत ती शिकवणेही थांबते.

रात्रीचा आकार केवळ ख्यालाचा नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाचे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगले आणि तिथून जी संगीत रंगभूमी उभी राहिली ती रात्रीच्या जागरणावरच उभी होती. पाच-पाच अंक, त्यावर ‘वन्स मोअर’, नाटक पहाटेपर्यंत. आजच्या दोन अंकी, सव्वादोन तासांच्या नाटकाला ती लांबी नको आहे, आणि त्याबद्दल मला खंत नाही. गद्य नाटकाने आपला वेगळा आकार शोधला आणि तो त्याला शोभतो. संगीत नाटकाचे मात्र तसे नाही. त्याचे प्रयोग आता पदे कापून, अंक एकत्र करून होतात. पदाचा विस्तार करायला नटाला जागाच उरत नाही.

सगळ्यांत मोठा घाव तमाशाला बसला, आणि त्याची चर्चा सगळ्यांत कमी होते. तमाशाचा क्रम ठरलेला आहे: गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग. वग म्हणजे तमाशातले नाटक, त्याचा गाभा. तो रात्री उशिरा सुरू व्हायचा आणि पहाटेपर्यंत चालायचा. गावची यात्रा, पालखी फिरून आली, जेवणे झाली, मग लोक कनातीत जमणार. म्हणजे सुरुवातच नऊ-साडेनऊची. दहाला आवाज बंद करायचा म्हटल्यावर काय कापले जाणार? वगच. गण-गवळण उरकायची, चार सिनेमाची गाणी वाजवायची, आणि संपले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांसारख्या कलावतींनी ज्या वगांमधून अख्ख्या महाराष्ट्राला बांधून ठेवले, ते वग पुढच्या पिढीने पाहिलेच नाहीत, कारण त्यांची वेळच बेकायदा ठरली. नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक येऊन यात्रेची सुपारी ठरवतात. तिथे आज कलेइतकीच चर्चा पोलीस परवानगीची असते.

इथे बंदिस्त सभागृहाचा उपाय सहज लागू पडत नाही, हे मला मान्य आहे. तमाशा कनातीतच होणार. पण वर्षातल्या त्या १५ दिवसांचा विचार इथे करता येतो. जिल्हाधिकारी हे दिवस बहुतेक गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती, ३१ डिसेंबर अशा मोठ्या दिवसांना वाटून टाकतात. गावच्या यात्रेचा दिवस प्रत्येक गावाचा वेगळा. तो जिल्ह्याच्या एका यादीत कसा बसेल? ही यादी गावनिहाय करता येईल का, याचा विचार सरकारने करावा. ज्या ग्रामसभेला ३१ डिसेंबरऐवजी आपल्या ग्रामदैवताच्या यात्रेला बारापर्यंतची सूट हवी आहे तिला ती मागता यावी. बारापर्यंत मिळाले तरी वगाला दोन तास मिळतात. दोन तासांत वग उभा राहू शकतो.

दशावताराचे, म्हणजे कोकणातल्या जत्रांमधल्या लोकनाट्याचे, थोडे निराळे आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या पेडण्यापर्यंत जत्रांच्या दिवसांत धयकाला, म्हणजे दशावताराचा खेळ, अजून रात्रभर चालतो. आधी गणपती, संकासुर वगैरेंचा आडदशावतार, मग आख्यान, आणि पहाटे दहीहंडी. लिखित संहिता नाही. कथा ठरलेली, संवाद तिथल्या तिथे सुचलेले. मृदंग, पायपेटी, झांज. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण त्या कलाकारांच्या जगण्यातून आलेली आहे. हे टिकले, कारण गावाला ते हवे आहे. रात्री दोनला अख्खा गाव देवळासमोर बसलेला असतो, तेव्हा तक्रार करायला घरात कुणी उरलेलेच नसते. पण गावे रिकामी होत आहेत, देवळांभोवती बंगले आणि हॉटेले उभी राहत आहेत, आणि नियमाचा शब्द न् शब्द लावला तर हेही थांबेल. ते थांबण्याआधी देवस्थानांनी आणि दोन्ही राज्य सरकारांनी छपराखालच्या, आवाज आत ठेवणाऱ्या रंगमंडपांचा विचार केला पाहिजे. अजून उशीर झालेला नाही.

आता शहरांकडे येतो, कारण तिथे उपाय हाताशी आहे. कोलकात्यात १९५२ साली सुरू झालेले डोव्हर लेन संगीत संमेलन जानेवारीच्या थंडीत रात्रभर चालते, छपराखाली, नझरुल मंचात. ज्या देशाचा नियम आपल्याला लागू आहे त्याच देशाचा नियम त्यांनाही लागू आहे. बंगाली श्रोता रात्री मफलर गुंडाळून येतो आणि सकाळी घरी जातो. वाराणसीच्या संकटमोचन मंदिरात एप्रिलच्या सुमारास होणारा समारोह रात्रीतून पहाटेत जातो. तिथे आपल्याकडचे गायक-वादक हजेरी लावायला जातात आणि परत आल्यावर त्या रात्रींविषयी भरभरून बोलतात. मग त्यांनी इथे, पुण्यात, मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात तसेच गावे अशी सोय आपण का करत नाही?

महाराष्ट्राइतकी सार्वजनिक नाट्यगृहे भारतात फार थोड्या राज्यांत असतील. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर, ठाण्याचे गडकरी रंगायतन, नाशिकचे कालिदास कलामंदिर, कल्याणचे अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले नाट्यगृह, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर. ही सगळी लोकांच्या पैशाने बांधलेली आहेत. रात्री साडेअकरा-बाराला प्रयोग संपतो, कुलूप लागते आणि सकाळपर्यंत वास्तू रिकामी राहते. कापडी मांडव गेला म्हणून आपण रात्र गेली असे म्हणत बसलो, तेव्हा या पक्क्या वास्तू शहराच्या मध्यभागी मोकळ्या पडून होत्या.

त्या का वापरल्या जात नाहीत? कारणे साधी आहेत. भाडेपत्रकात सकाळ, दुपार आणि रात्र अशी तीनच सत्रे असतात. रात्रीचे सत्र लांबले तर दंड. कर्मचाऱ्यांची पाळी संपते. वातानुकूलन बंद होते. उपाहारगृहाचा ठेका दहापर्यंतचा. सुरक्षारक्षक एकच. आयोजकाला रात्रभर सभागृह हवे असेल तर कुणाकडे अर्ज करायचा हेही माहीत नसते, आणि अर्ज केलाच तर ‘तशी तरतूद नाही’ हे उत्तर येते. यातले एकही कारण कलेशी, कायद्याशी किंवा शेजाऱ्यांच्या झोपेशी संबंधित नाही. एका ठरावाने दूर होणारी ही कारणे आहेत.

श्रोते येतील का, हा पुढचा आक्षेप. लोक थकलेले असतात, दूर राहतात, दुसऱ्या दिवशी कामाला जायचे असते. हे खरेच आहे, म्हणून मी दर आठवड्याला रात्रसत्र मागत नाही. थंडीच्या दिवसांत, शनिवारच्या रात्री, वर्षातून पाच-सहा वेळा. दिवाळी पहाटेला लोक थंडीत पहाटे पाचला उठून, न्हाऊन, नटून सभागृहे भरतात. कोजागरीला घरोघरी जागरण होते. महाशिवरात्र जागरणाचीच. मराठी माणसाला रात्र जागवणे परके नाही. गोंधळ, जागर, भजनी सप्ताह हे सगळे रात्रीचेच.

स्त्रियांच्या सुरक्षिततेचा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे आणि त्यावर मी बराच विचार केला आहे. माझे मत असे झाले, की रात्रभराची मैफल ही बारा वाजता संपणाऱ्या कार्यक्रमापेक्षा अधिक सुरक्षित आहे. बाराला कार्यक्रम सुटला की शेवटची लोकल गाठण्यासाठी धावायचे, ती चुकली की रिक्षावाल्याशी हुज्जत, निर्मनुष्य रस्ते. सहाला मैफल संपली की बाहेर दूधवाले, पेपरवाले, फिरायला निघालेली माणसे असतात, लोकल आणि बस सुरू झालेल्या असतात. दूरच्या उपनगरांतल्या श्रोत्यांना पहिल्या गाडीपर्यंत बसून ऐकणेच सोयीचे असे. मधल्या काळात सभागृहात पुरेसा उजेड, स्वच्छ स्वच्छतागृहे, चहा-खाण्याची सोय, वृद्धांना पाठ टेकायला एखादी खोली आणि दारावर स्त्री सुरक्षारक्षक हवी. हे खर्चाचे काम आहे, पण अवघड नाही.

रात्र जागवायची की नाही, हे शहराने कधीच ठरवून टाकलेले आहे. जानेवारी २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मुंबईत मॉल आणि उपाहारगृहे २४ तास उघडी ठेवायला मान्यता दिली. वर्षअखेरीस दारूच्या परवाना कक्षांना पहाटे पाचपर्यंत वेळ वाढवून मिळते. मोठ्या सिनेमांचे खेळ मध्यरात्रीनंतरही लावले जातात. अनंत चतुर्दशीच्या रात्री रेल्वे जादा लोकल सोडते. या कशालाच माझा विरोध नाही. खरेदीला, जेवणाला, सिनेमाला आणि मिरवणुकीला रात्र मिळते, तर ज्या कलेने रात्र हाच आपला विषय मानला तिला ती नाकारण्याचे कारण उरत नाही.

पैशाचेही सांगतो. अशी रात्र तिकिटांवर पूर्ण भागणार नाही. तीन-चार कलाकारांचे मानधन, साथीदार, जादा कर्मचाऱ्यांचे दुप्पट वेतन, वीज. महापालिकेने रात्रसत्राचे भाडे नाममात्र ठेवले आणि कर्मचाऱ्यांचा जादा भार स्वतः उचलला तर संगीत मंडळांना उरलेला खर्च पेलता येईल. नाट्यगृहे नफ्यासाठी बांधलेली नाहीत. उद्याने आणि वाचनालये यांच्यासारखीच ती नागरी सोय आहे, आणि तिचा वापर वाढवणे हे महापालिकेचे कामच आहे. विद्यार्थ्यांना मागच्या रांगा मोफत द्याव्यात. रात्री जागे राहण्याची ताकद त्यांच्यात असते आणि तिकिटाला पैसे त्यांच्याकडे नसतात.

लहान सभागृहांना तर ध्वनिक्षेपकाचीही गरज नाही. दीडशे-दोनशे श्रोत्यांच्या खोलीत तंबोरे, तबला, पेटी आणि उघडा आवाज पुरतो. माइक येण्याआधीच्या गवयांनी असेच गायले. आजच्या कलाकारांनाही विचारले तर अशा बैठकीची ओढ बहुतेकांना असते, कारण स्वतःच्या आवाजाचा खरा पोत त्यांना तिथे ऐकू येतो. पुण्यात सदाशिव पेठेत, मुंबईत गिरगाव-दादरला, सांगली-मिरजेत अशा खोल्या आहेत. तिथल्या मंडळांनी कुणाच्या ठरावाची वाट न पाहता या हिवाळ्यात एकेक रात्र करून पाहावी. बोलवायचा तर एकच गायक बोलवावा आणि त्याला सांगावे की घड्याळ काढून ठेवा.

मोठ्या नाट्यगृहांसाठी मात्र ठराव लागेल. भाडेपत्रकात चौथ्या सत्राची ओळ: रात्री १० ते सकाळी ६, वर्षातून सहा वेळा, शास्त्रीय संगीत, संगीत नाटक आणि लोककला यांच्यासाठी राखीव. यासाठी विधिमंडळात जायला नको आणि न्यायालयातही नको. महापालिकेच्या सभेत विषय मांडून तो मंजूर करून घ्यावा लागेल. पुणे, ठाणे, नाशिक आणि कोल्हापूर या चार शहरांतल्या संगीत आणि नाट्यसंस्थांनी एकत्र येऊन हे निवेदन आत्ताच द्यावे, कारण डिसेंबर-जानेवारीच्या तारखांचे वाटप व्हायच्या आत ही ओळ भाडेपत्रकात यायला हवी.